रक्त पातळ करणारी गोळी : एक जमाखर्च

(द्वितीय वर्ष, वाणिज्य)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वैद्यकावर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण गेल्या वर्षी आमच्या घरी एका गोळीचा जमाखर्च चुकला. चूक कोणा डॉक्टरची नव्हती. ती आमच्या घरची होती आणि तिच्यात माझाही वाटा होता. दुसऱ्या कोणाच्या घरी ती होऊ नये, म्हणून हा प्रपंच.

आमचे मूळ गाव तिगाव. नागपूरहून इटारसीकडे जाताना पांढुर्ण्याच्या पुढे हे लहानसे स्टेशन लागते. पूर्वी हा भाग छिंदवाडा जिल्ह्यात होता. २०२३ पासून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आहे. राज्य मध्य प्रदेश असले तरी घरात आणि शेतात बोली मराठीच. वडिलांच्या रेल्वेतील नोकरीमुळे आम्ही सोलापुरास राहतो. शाळा मराठी आणि शेजार कानडी, त्यामुळे दोन्ही भाषा अंगवळणी पडल्या. सुट्टी लागली की मात्र आमची पावले तिगावकडे वळतात. तिथे आबाजी, म्हणजे माझे आजोबा, संत्र्याची बाग सांभाळतात. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर.

गेल्या वर्षी त्यांना बागेतून घरी येईपर्यंत धाप लागू लागली. नागपूरच्या डॉक्टरांनी मनगट हातात घेतले, बराच वेळ सोडले नाही आणि मग हृदयाचा आलेख काढला. निदान झाले, 'एट्रियल फिब्रिलेशन'. हृदयाचे ठोके अनियमित पडत होते. 'यातून लकवा होऊ शकतो, तो टाळण्यासाठी ही रक्त पातळ करणारी गोळी घ्या आणि ठरल्या दिवशी रक्त तपासून घ्या,' असे सांगून त्यांनी वॉरफरिन लिहून दिले.

तीन महिने सुरळीत गेले. मग एके दिवशी आबाजी बागेतल्या पाटाच्या काठावर घसरले. गुडघा खरचटला आणि रक्त थांबेना. दुपट्टा भिजला. घरात बैठक बसली. काकांनी मोबाईलवर शोधून सांगितले की हे औषध तर उंदीर मारण्याकरिता वापरतात! आबाजी म्हणाले, "गोटमारीत माह्यं डोकं फुटलं होतं, तरी चिमूटभर हळदीनं रक्त थांबलं. आता साध्या खरचटण्याले थांबत नाही. नाही पाह्यजे मले हे गोळी." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगावची मंडळी एकमेकांवर दगड फेकतात, ती ही गोटमार. आबाजींच्या कपाळावर तिची खूण अजून आहे. मीही शहाणपणा केला. "या वयात कशाला धोका? बंद करा," असे म्हणालो. शेजारचे एक गृहस्थ हृदयासाठी ॲस्पिरिन घेत असत. तीच 'साधी गोळी' आबाजींना सुरू झाली.

सात आठवड्यांनी सकाळी चहा घेताना त्यांच्या उजव्या हातातून कपबशी सुटली. तोंड एका बाजूला झुकले आणि शब्द जडावले. वीस मिनिटांत सारे पूर्ववत झाले. डॉक्टर म्हणाले, "ही नोटीस समजा. जप्ती टळली आहे." त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. जे समजले ते पुढे मांडतो.

थरथरणारे हृदय

हृदयाचे चार कप्पे असतात. वरच्या दोघांना कर्णिका आणि खालच्या दोघांना जवनिका म्हणतात. निरोगी हृदयात कर्णिका आधी आकुंचन पावतात आणि रक्त खाली ढकलतात. मग जवनिका ते शरीरभर पाठवतात. या विकारात कर्णिकांचा ताल सुटतो. मिनिटाला साडेतीनशेहून अधिक विस्कळीत विद्युत्संदेश उठतात, त्यामुळे कर्णिका नीट आकुंचन पावत नाहीत, नुसत्या थरथरतात. खालचे कप्पे त्यांतले काहीच संदेश पकडतात, म्हणून नाडी कधी लवकर, कधी उशिरा लागते.

थरथरीने जीव जात नाही. पुष्कळांना ती जाणवतही नाही. खरा धोका निराळा आहे. डाव्या कर्णिकेला हातमोज्याच्या बोटासारखी एक लहान पिशवी असते. ओढ्याचा प्रवाह मंदावला की वळणावर गाळ बसतो, तसे या पिशवीत रक्त रेंगाळते आणि त्याची गुठळी होते. ती सुटली की रक्ताबरोबर थेट मेंदूकडे जाऊ शकते. तिथल्या रोहिणीत ती अडकली की पुढचा भाग रक्तावाचून मरू लागतो. यालाच आपण अर्धांगवायू किंवा लकवा म्हणतो. कानडीत पार्श्ववायू म्हणतात, आणि लकवा हा शब्द तिकडेही चालतो. हृदयातून आलेली गुठळी बहुधा मोठी असते, म्हणून असा झटकाही मोठा असतो.

अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावात पिढ्यान् पिढ्या चाललेल्या पाहणीतून दिसले की या विकाराने लकव्याचा धोका सुमारे पाच पटींनी वाढतो. पन्नाशीतल्या माणसांत शंभरांपैकी एखाददुसरा झटका यामुळे येतो. ऐंशी ते नव्वद वयात मात्र जवळजवळ दर चारांतला एक.

खेड्यात लकव्याने किती माणसे जातात, याचा मोजून घेतलेला हिशेब आपल्या विदर्भात झालेला आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतील ८६ गावांत एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळात झालेल्या मृत्यूंची कारणे तपासली. मेंदुविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ती प्रसिद्ध केली. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्याने झाले होते, म्हणजे सातांतला एक. कोणत्याही दुसऱ्या एका कारणाने इतके मृत्यू झाले नव्हते, आणि यांतले बहुतेक घरीच झाले. हे सारे झटके हृदयातील गुठळीचे होते असे नाही, वाढलेला रक्तदाब हे फार मोठे कारण आहे. पण लकवा हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार आहे ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

गुरांच्या चाऱ्यातून आलेले औषध

काकांनी वाचलेली उंदरांची गोष्ट खरी आहे, पण अर्धी. पूर्ण गोष्ट शेतकऱ्याला पटावी अशी आहे. १९२० नंतरच्या काळात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरे रक्तस्राव होऊन मरू लागली. शिंगे कापली की रक्त थांबत नसे. फ्रँक स्कोफिल्ड या पशुवैद्याने कारण शोधले, ते होते बुरशी लागलेला 'स्वीट क्लोव्हर' नावाचा चारा. १९३३ च्या हिवाळ्यात एक शेतकरी भर हिमवादळात मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताचा डबा आणि तो खराब चारा घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठात पोहोचला. तिथे कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने १९३९ मध्ये चाऱ्यातले ते द्रव्य वेगळे केले. त्यापासून पुढे वॉरफरिन तयार झाले. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या विद्यापीठाच्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. १९४८ मध्ये ते उंदरांसाठी बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झाले. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर तेच देण्यात आले. विष की औषध हे मात्रेवर ठरते, आणि मात्रा मोजता येते.

'रक्त पातळ करणारी' हे नावही थोडे फसवे आहे. रक्त पाण्यासारखे होत नाही, ते गोठायला वेळ अधिक लागतो, एवढेच. यकृत 'के' जीवनसत्त्वाच्या साहाय्याने रक्त गोठवणारे घटक बनवते. वॉरफरिन त्या कामात अडथळा आणते. किती अडथळा आला हे आय. एन. आर. या तपासणीने कळते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये हे माप सर्वत्र सारखे केले. निरोगी माणसात ते सुमारे १ असते. या विकारात २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. २ च्या खाली गुठळीचे भय आणि ३ च्या बरेच वर गेले की रक्तस्रावाचे.

जमाखर्च

आता माझ्या विषयाकडे येतो. विम्याचा हप्ता खिशातून जाताना दिसतो, टळलेले नुकसान मात्र दिसत नाही. आमच्या घरी तेच झाले. गुडघ्यातून वाहणारे रक्त सर्वांनी पाहिले. त्या तीन महिन्यांत न आलेला झटका कोणालाच दिसला नाही, कारण न आलेल्या झटक्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. ही नोंद करायची तर हजारो माणसांची वही उघडावी लागते. डॉक्टरांनी ती उघडली आहे.

अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब २००७ मध्ये मांडला गेला. वॉरफरिनने या रुग्णांतील झटके जवळजवळ दोन तृतीयांशांनी कमी होतात. ॲस्पिरिनने फार तर पाचांतला एक टळतो.

पण म्हाताऱ्यांचे काय? त्याच वर्षी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी नेमका हाच प्रश्न सोडवला. पंचाहत्तर वर्षांवरील ९७३ रुग्णांपैकी निम्म्यांना वॉरफरिन आणि निम्म्यांना ॲस्पिरिन दिले. ॲस्पिरिन घेणाऱ्यांत वर्षाला शंभरी ३.८ जणांना मोठा आघात झाला, तर वॉरफरिन घेणाऱ्यांत १.८ जणांना. या मोजणीत मेंदूतला रक्तस्रावही धरलेला होता. मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे निघाले. ही टक्केवारी एका वर्षाची आहे. हाच दर कायम राहिला असे धरून मी पाच वर्षांचा हिशेब केला. ॲस्पिरिनवर शंभरांत सुमारे अठरा, वॉरफरिनवर सुमारे नऊ. म्हणजे शंभर घरांपैकी नऊ घरांतला माणूस खाटेवर पडण्यापासून किंवा त्याहून वाईट प्रसंगापासून वाचतो.

२०११ मध्ये आणखी एक चाचणी प्रसिद्ध झाली. वॉरफरिन देणे योग्य नाही असे ठरलेल्या सुमारे ५,६०० रुग्णांत अपिक्साबान ही नवी गोळी ॲस्पिरिनशी ताडून पाहिली. झटक्यांचे प्रमाण वर्षाला ३.७ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. मोठा रक्तस्राव ॲस्पिरिनवर १.२ टक्के आणि अपिक्साबानवर १.४ टक्के, म्हणजे फरक नगण्य. आमची 'साधी गोळी' हप्ता जवळजवळ तेवढाच घेत होती आणि संरक्षण फारच थोडे देत होती.

पडण्याच्या भीतीचेही गणित झालेले आहे. १९९९ मध्ये कॅनडातील डॉक्टरांनी मांडले की झटक्याचा धोका नेहमीइतका असलेल्या वृद्धाला वॉरफरिनचा तोटा फायद्याहून अधिक व्हायचा, तर त्याने वर्षातून सुमारे २९५ वेळा पडायला हवे. हे कागदावरचे गणित आहे. त्याचा अर्थ पडण्याकडे दुर्लक्ष करावे असा मुळीच नाही. न्हाणीघरात धरायला दांडी लावावी, रात्री दिवा ठेवावा, निसरड्या काठावर जाऊ नये. पण 'म्हातारे माणूस पडेल' एवढ्या कारणाने गोळी बंद करू नये.

कोणाला गोळी लागते हे डॉक्टर गुण देऊन ठरवतात. या पद्धतीला चॅड्स-वास्क म्हणतात. उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयाची दुर्बलता आणि रक्तवाहिन्यांचा विकार यांना प्रत्येकी एक गुण. पूर्वी झटका किंवा 'नोटीस' येऊन गेली असेल तर दोन. वय पासष्ट ते चौऱ्याहत्तर असेल तर एक आणि पंचाहत्तर किंवा अधिक असेल तर दोन. स्त्रियांना एक गुण अधिक देत, पण युरोपातील हृदयतज्ज्ञांनी २०२४ पासून तो वगळला. तो न धरता दोन गुण झाले की सामान्यतः गोळी द्यावी असे सांगतात. म्हणजे पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला नुसत्या वयानेच गोळी लागू होते. आम्ही वयाकडे पाहून गोळी बंद केली. वास्तविक वयामुळेच ती हवी होती.

नव्या गोळ्या आणि एक महत्त्वाचा अपवाद

वॉरफरिनची खरी अडचण तपासणीची. तिगावाहून नागपूर गाठायचे म्हणजे मजुराचा दिवस मोडतो. शिवाय मेथी, पालक यांसारख्या पालेभाज्यांत 'के' जीवनसत्त्व भरपूर, त्यामुळे आहार बदलला की माप हलते. भाजी सोडायची नसते, रोजचे प्रमाण सारखे ठेवायचे असते. अनेक जंतुनाशक गोळ्या, वेदनाशामके आणि काही काढेही या औषधाशी भांडतात.

२००९ ते २०१३ या काळात डाबिगाट्रान, रिव्हारॉक्सबान, अपिक्साबान आणि एडॉक्सबान या गोळ्यांच्या मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. यांना आय. एन. आर. ची गरज नाही आणि मेंदूतील रक्तस्राव वॉरफरिनच्या जवळजवळ निम्म्याने कमी आढळला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्यांना आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. काहींची पेटंटे संपल्यावर आपल्याकडील अनेक कंपन्या त्या बनवू लागल्या आणि किंमत उतरली. मात्र या गोळ्या मूत्रपिंडावाटे कमीअधिक बाहेर पडतात, म्हणून मूत्रपिंडाची तपासणी वेळोवेळी करावी लागते. त्यांचा अंमलही एक दिवसाहून फारसा टिकत नाही, म्हणून एकही मात्रा चुकवून चालत नाही.

आणखी एक चूक सर्रास होते. 'वय झाले, अर्धीच द्या.' मात्रा कमी करण्याचे नियम ठरलेले आहेत. उदाहरणार्थ, अपिक्साबानची मात्रा निम्मी करायची तर वय ऐंशी किंवा अधिक, वजन साठ किलो किंवा कमी, आणि रक्तातील क्रिएटिनिन १.५ किंवा अधिक, या तिनांपैकी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. अर्ध्या हप्त्यात पूर्ण विमा मिळत नाही.

आता अपवाद. लहानपणी घसादुखीनंतर सांधेदुखीचा ताप येऊन हृदयाची झडप अरुंद झालेले रुग्ण आपल्या देशात अजून पुष्कळ आहेत. अशा ४,५०० हून अधिक रुग्णांवरील चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत भारतातले रुग्णही होते. त्यात रिव्हारॉक्सबानपेक्षा वॉरफरिनच्या जातीच्या गोळ्या सरस ठरल्या, मृत्यूही कमी झाले. धातूची कृत्रिम झडप बसवलेल्यांनाही वॉरफरिनच लागते. म्हणून कोणती गोळी हे ठरवण्याआधी हृदयाची सोनोग्राफी करतात. तसेच, २०२३ मधील हॉलंडच्या एका चाचणीत असे दिसले की जुन्या गोळीवर व्यवस्थित असलेल्या दुर्बल वृद्धांना उगाच नव्या गोळीवर नेले, तर रक्तस्राव वाढतो. नवे ते सर्वांनाच चांगले, असे नाही.

काही रुग्णांना यांतली कोणतीच गोळी देता येत नाही. उदाहरणार्थ, पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव चालू असेल, किंवा नुकताच होऊन गेला असेल. तो निर्णय डॉक्टरांचा. घरातल्या बैठकीचा नव्हे.

घरच्यांनी लक्षात ठेवावे असे

गोळी ठरल्या वेळी द्यावी. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. रक्तदाब ताब्यात ठेवावा, त्याने झटका आणि रक्तस्राव दोन्ही टळतात. अंगदुखीची गोळी परस्पर आणू नये. दात काढण्यापूर्वी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी गोळीची माहिती द्यावी आणि विचारल्याशिवाय ती थांबवू नये. लहान जखम स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे न उचलता दाबून धरावी. आम्ही दर मिनिटाला दुपट्टा उचलून पाहत होतो! शौचास काळे झाले, लघवीत रक्त दिसले, किंवा डोक्याला मार लागला, तर वरून जखम नसली तरी दवाखाना गाठावा. आणि तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर मालिश करण्यात वेळ न घालवता मेंदूचे सी. टी. स्कॅन होते अशा रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. झटका ओसरला तरी जावेच, कारण ती नोटीस असते.

आबाजींची झडप आणि मूत्रपिंडे तपासून डॉक्टरांनी त्यांना अपिक्साबान सुरू केले. सकाळ-संध्याकाळ एक. काकांनी जुन्या कॅलेंडरवर खुणा करण्याची पद्धत पाडली आहे. दिवाळीला गेलो तेव्हा मी त्यांच्या अंगठ्याखाली मनगटावर तीन बोटे ठेवली आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजले. ठोके अजूनही बेतालच होते. त्यांनी विचारले, "काय म्हणते नाडी?" मी म्हटले, "आबाजी, ताल नाही, पण गोळी सोडू नका." ते हसले. म्हणाले, "तूच तं म्हटलं होतं नं, बंद करा." याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

वाचकहो, नाडी हा शब्द मराठीत आणि कानडीत एकच आहे. या सुट्टीत घरी जाल तेव्हा आजी-आजोबांचा हात हाती घ्या आणि पूर्ण एक मिनिट नाडी पाहा. ठोके वेडेवाकडे लागले तर हृदयाचा आलेख काढून घ्या. आणि घरात अशी गोळी आधीच चालू असेल, तर ती बंद करण्याचा सल्ला माझ्यासारख्या शहाण्याकडून घेऊ नका.